दीडशे सीसीचा आजार

सोमवारी सकाळी दातवाल्यांनी नेहमीसारखी किक मारली, नेहमीसारखा पहिला गिअर टाकला, नेहमीसारखी मूठ पिळली, आणि मोटरसायकल त्यांना न विचारता फाटकाबाहेर निघून गेली. दातवाले गाडीवरच होते, पण आपण गाडीच्या जरा मागून आलो असं त्यांना वाटलं. जेवणाचा डबा घेऊन बायको दारात उभी होती. ती "अहो, डबा" म्हणेपर्यंत ते कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानासमोर दोन्ही ब्रेक दाबून, डोळे मिटून उभे होते.

गाडी वळवून आणायचं धाडस काही झालं नाही. ती तिथेच स्टँडला लावून ते डबा न्यायला चालत परत आले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. जरा जास्तच पिळली गेली."

"सव्वीस वर्षं तीच मूठ पिळताय."

दातवाल्यांनी डबा घेतला आणि पुन्हा कोपऱ्याकडे निघाले. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ते सव्वीस वर्षं कवळ्या बनवत होते, म्हणून गल्लीत सगळे त्यांना दातवाले म्हणत. माणूस इतका भिडस्त की कुठेही काही बिघडलं तर पहिला संशय स्वतःवर घ्यायचा. घरातला पंखा करकर वाजायला लागला तेव्हा ते आधी कान तपासून आले होते. गाडी तर कालच संध्याकाळी सर्व्हिसिंगहून आली होती. तेल बदललं होतं, ब्रेक आवळले होते, धुऊन पुसून लख्ख केली होती. तेल बदलल्याने शंभर सीसीची गाडी अशी उधळत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. म्हणजे बिघाड गाडीत नव्हता, आपल्यातच होता.

ते नऊला निघत आणि सव्वीस वर्षं न चुकता नऊ पंचवीसला दवाखान्यात पोचत. साडेनऊला काउंटरवरच्या बाई शटर उघडत. त्या दिवशी ते पोचले आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं तर सव्वानऊ. दातवाले विचारात पडले. रस्ता काही रातोरात आखडत नाही. म्हणजे घड्याळ दहा मिनिटं मागे पडलं असणार. त्यांनी ते दहा मिनिटं पुढे केलं आणि मन शांत केलं.

मंगळवारी ते घड्याळाप्रमाणे बरोबर नऊला निघाले, पोचले, पाहिलं, तर पुन्हा सव्वानऊ. घड्याळ रोज दहा मिनिटं मागे पडतंय हे आता सिद्ध झालं होतं. त्यांनी काटा आणखी दहा मिनिटं सरकवला. बुधवारी पुन्हा तेच झालं. त्या दिवशी बाई शटर उघडायला आल्या तेव्हा दातवाल्यांच्या मनगटावर दहा वाजले होते.

"बाई, रागावू नका, पण हल्ली तुम्हाला उशीर होतोय," ते हळूच म्हणाले. "आज दहा वाजले."

"तुमच्याकडे वाजले असतील," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे अजून साडेनऊच आहेत."

हे सगळं एक वेळ चाललं असतं, पण सोमवारपासून दातवाल्यांचे हात थरथरायला लागले होते. गाडीवरून उतरलं की कोपरापासून बोटांपर्यंत मुंग्या यायच्या आणि अर्धा तास बोटं नुसती उडत राहायची. कवळीचं काम म्हणजे मेणात एकेक दात बसवायचा, तो केसभरही इकडे तिकडे चालत नाही. दातवाल्यांची बोटं म्हणजे त्या दवाखान्याची इभ्रत होती. त्या बोटांनी सोमवारी सकाळी एका निवृत्त हेडमास्तरांच्या कवळीचे पुढचे दोन दात बसवले.

गुरुवारी हेडमास्तर कवळी तोंडात घेऊन आले.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, आणि खोलीत एक बारीक, गोड शिट्टी वाजली.

डॉक्टरांनी खिडकीकडे पाहिलं.

"खिडकीत नाही, मीच आहे," हेडमास्तर म्हणाले. "प्रत्येक 'स'ला वाजते. काल बसमध्ये समोरच्याला नुसतं 'सरका' म्हणालो, तर कंडक्टरची शिट्टी समजून ड्रायव्हरने बस सोडली. तीन माणसं खाली राहिली. त्यातली एक माझी बायको होती."

डॉक्टरांनी कवळी काढून उजेडात धरली. पुढचे दोन दात एकमेकांवर रुसल्यासारखे तोंडं फिरवून उभे होते. डॉक्टर आतल्या खोलीत आले. दातवाले मान खाली घालून मेण वितळवत होते.

"हात पुढे करा," डॉक्टर म्हणाले.

दातवाल्यांनी हात पुढे केले. शेजारच्या बशीतले सुटे दातही त्यांच्याबरोबर खुळखुळले.

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी बशी हळूच दातवाल्यांपासून लांब सरकवली, हेच दातवाल्यांना जास्त लागलं. मग ते म्हणाले, "नसांच्या डॉक्टरांना दाखवून या. आजच. आणि मनाला लावून घेऊ नका, पण पुढच्या आठवड्यात मी एका नव्या कारागिराला कामासाठी बोलावतोय. तुम्ही तोवर फक्त प्लास्टर कालवा."

सव्वीस वर्षांनी प्लास्टर! नवा माणूस कामाला लागल्यावर पहिल्या दिवशी जे काम देतात ते. दातवाल्यांनी मान डोलावली, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना सुचेना.

संध्याकाळी नसांच्या डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यावर हातोडी मारली, नाकाला बोट लावायला सांगितलं, डोळे मिटून सरळ रेषेत चालवलं. हात एव्हाना दगडासारखे स्थिर होते.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले.

"पण सकाळी होतं ना."

"मग चहा बंद करा."

दातवाल्यांनी चहा बंद केला. शुक्रवारी सकाळी बिनचहाचे हात चहाच्या हातांपेक्षा जास्त थरथरले.

त्यातून घरचा वेगळाच ताप. संध्याकाळी बायकोला मागे बसवून ते भाजी आणायला निघाले. बायको आठवडाभरात पहिल्यांदाच गाडीवर बसली होती. मंडई आली आणि गेली. तिच्या पुढची बँक आली, तीही गेली.

"अहो! मंडई मागे राहिली!"

"थांबवतोय!"

"कधी?"

गाडी थांबली तेव्हा समोर स्मशानभूमीची पाटी होती. दातवाल्यांना ती पाहून फारच वाईट वाटलं. बायको खाली उतरली, पदर सारखा केला, विस्कटलेले केस कानामागे घेतले आणि नवऱ्याकडे टक लावून पाहू लागली.

"काय झालंय काय तुम्हाला? कॉलेजातल्या पोरासारखी हाणताय!"

"मी काही करत नाहीये गं," दातवाले रडकुंडीला येऊन म्हणाले. "माझं काहीतरी होतंय."

बायको पुन्हा मागे बसली. परत येताना मात्र तिने नेहमीसारखा मागचा दांडा न धरता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काळजीने ठेवला असणार, असं दातवाल्यांना वाटलं.

रविवारी सकाळी दाजी आले. दाजी म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान, दातवाल्यांचे साडू. फरशांच्या दुकानात विक्रीप्रमुख होते आणि घरीही त्याच आवाजात बोलत. दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच निळ्या रंगाच्या गाड्या घेतल्या होत्या. तेव्हापासून आपली गाडी दातवाल्यांच्या गाडीच्या पुढे कशी राहील याची दाजींना सतत चिंता असे. आरसे त्यांनी बदलले, हॉर्न बदलला. आता त्यांनी थेट मुळालाच हात घातला होता.

"इंजिन मोठं करून घेतलं!" दारातूनच ते म्हणाले. "शंभरचं दीडशे! आठ दिवसांपूर्वी आपल्याच मेस्त्रीकडे टाकली होती. मेहुणीबाई, पाण्याचे दोन पेले द्या. एक लहान, एक मोठा."

बायकोने पेले आणून दिले. दाजींनी लहान पेल्यात दोन बोटं घातली.

"हे जुनं सिलिंडर. हा पिस्टन. वर खाली, वर खाली. इवलीशी जागा, पेट्रोल तरी किती जळणार? आता हे बघा." त्यांनी मोठ्या पेल्यात चार बोटं घातली. "मोठी नळी, मोठा पिस्टन. धडाका मोठा! इंजिन बाहेरून तेच दिसतं, आत मात्र राक्षस बसलाय. काय दातवाले, कळलं का?"

"हो," दातवाले म्हणाले. त्यांना फक्त दाजींची बोटं मोठ्या पेल्यात अडकली आहेत एवढं कळलं होतं.

बोटं साबणाने सोडवून झाल्यावर दाजी म्हणाले, "चला, एक चक्कर मारू. घट्ट धरा हं. मागचा माणूस उडतो."

दातवाल्यांनी जीव मुठीत धरून दाजींची कंबर धरली. गाडी निघाली. दाजी मान मागे वळवून ओरडत होते, "बघा, बघा कशी खेचतेय! जाणवतंय का?" दातवाल्यांना काहीच जाणवत नव्हतं. झाडं एकेक करून, सावकाश, निरोप घेत घेत मागे जात होती. एवढ्यात दुधाचे दोन कॅन लावलेला एक सायकलवाला त्यांच्या शेजारी आला, थोडा वेळ बरोबरीने चालला, दाजींना "किती वाजले?" म्हणून विचारून पुढे निघून गेला.

"दाजी, हा सायकलवाला..."

"उतार आहे त्याला!"

"आपल्यालाही तोच उतार आहे."

"तुम्ही घाबरलाय, म्हणून तुम्हाला कळत नाहीये," दाजी म्हणाले.

ते मात्र दातवाल्यांना तंतोतंत पटलं. दीडशे सीसीच्या गाडीवर बसून आपल्याला वारा लागत नाही, आणि स्वतःच्या शंभरच्या गाडीवर जीव घाबरतो. म्हणजे आपल्याला वेगच उलटा कळायला लागलाय! हात, घड्याळ, वेग, एकेक करून सगळं चाललंय. बिघाड नसांत नव्हता, डोक्यात होता. उद्या आपण वरचे दात खाली बसवू आणि ते आपल्याला बरोबरही वाटेल.

घरी आल्यावर ते बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. एकदा उठून त्यांनी आपल्या निळ्या गाडीची सीट फडक्याने पुसली. मग त्यांनी मनाशी ठरवलं. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याने रस्त्यावर गाडी चालवू नये. सोमवारी दवाखान्यात प्लास्टरसुद्धा न कालवता त्यांनी अर्धी सुट्टी घेतली आणि गाडी हाताने ढकलत मेस्त्रीच्या गॅरेजवर नेली.

"गिऱ्हाईक बघा हिच्यासाठी," ते म्हणाले. "माझ्याच्याने आता होत नाही."

"वा! अशी ठणठणीत गाडी विकता?" मेस्त्रीने किक मारली, मूठ जराशी पिळली, आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने पुन्हा मूठ पिळली. खाली वाकून इंजिनाला कान लावला. मग नंबरप्लेट पाहिली. मग दातवाल्यांना पाहिलं.

"ही गाडी तुमची?"

"म्हणजे काय!"

"तुमचं नुसतं तेल बदलायचं होतं ना?"

"आणि ब्रेक."

मेस्त्री पाठीमागे वळून ओरडला, "मामा! जरा बाहेर या!"

आतून मेस्त्रीचे सासरे बाहेर आले. निवृत्त झाल्यापासून घरी बसवत नाही म्हणून ते गॅरेजवर येऊन गाड्या धुऊन देत. हातात बादली होती.

"मामा, मागच्याच्या मागच्या शनिवारी दोन निळ्या गाड्या होत्या. हँडलला पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या मी. एकीवर 'तेल', एकीवर 'दीडशे'."

"होत्या ना," सासरे अभिमानाने म्हणाले. "धुताना भिजून अक्षरं पुसली जातील म्हणून मी आधी सोडून ठेवल्या. धुऊन झाल्यावर आठवणीने परत बांधल्या."

"कुठली कुठे?"

सासऱ्यांनी थोडा विचार केला. "एक हिला, एक तिला."

मेस्त्री कपाळाला हात लावून स्टुलावर बसला.

"पण नंबर बघायचा ना!" दातवाले म्हणाले.

"नंबर गाडी परत देताना बघतो. काम करताना चिठ्ठी बघतो. साहेब, दाजींचं दीडशेचं सिलिंडर तुमच्या गाडीत आहे. हादरे जास्तच देत असेल, हाताला मुंग्या येत असतील..."

दातवाल्यांनी मेस्त्रीला पुढे बोलूच दिलं नाही. ते त्याच्या तेलकट सदऱ्याला मिठी मारून उभे राहिले. मग सासऱ्यांनाही मिठी मारली. बादली कलंडली, चपला भिजल्या, तरी ते म्हणत होते, "मला काही झालेलं नाही! मी बरा आहे हो! दीडशे सीसी आहे नुसतं!"

"तुमचं जुनं सिलिंडर आहे माझ्याकडे," मेस्त्री सुटका करून घेत म्हणाला. "एका दिवसात बसवतो. फक्त हे मोठं दाजींच्या गाडीत घालावं लागेल. त्यांना तुम्हीच सांगा. मला ते सोडणार नाहीत."

दातवाले तसेच फरशांच्या दुकानात गेले. दाजी एका गिऱ्हाइकाला न घसरणारी फरशी दाखवत होते आणि मधेमधे आपल्या इंजिनाबद्दल सांगत होते. दातवाल्यांनी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळी हकीकत सांगितली. दाजींनी त्यांचा दंड धरला, त्यांना ओढत न्हाणीघराच्या नमुन्यांच्या भिंतीमागे नेलं आणि इकडे तिकडे पाहिलं.

"हळू बोला," ते इतक्या लहान आवाजात म्हणाले की हे दाजीच का, अशी दातवाल्यांना शंका आली. "मला माहीत आहे."

"काय?"

"पहिल्याच दिवशी कळलं. चढावर तशीच रडली, जशी आधी रडायची. मेस्त्रीकडे जाऊन भांडणारच होतो. मग म्हटलं, राहू दे." दाजींनी कपाळ पुसलं. "खरं सांगू? ऑर्डर दिल्यापासून मला झोप नव्हती. एवढ्या मोठ्या इंजिनावर बसायचं म्हणजे भीतीच वाटत होती हो. गाडी हळू निघाली आणि जीव भांड्यात पडला. पण तोवर दुकानात सगळ्यांना सांगून बसलो होतो. तुमच्या ताईलाही सांगितलं. ती मागे बसते तेव्हा आता कशी घट्ट धरून बसते!"

"मग आता काय करायचं?"

"काहीच करू नका. तो राक्षस माझ्या गाडीत घालू देऊ नका. आणि ताईला कळता कामा नये. शपथ आहे तुम्हाला."

दातवाले शपथ घेऊन बाहेर पडले. आपण बरे आहोत हे कळूनही त्यांचा गोंधळ कमी झाला नव्हता. ज्याचं इंजिन आहे त्याला ते नको, ज्याला नको त्याच्याकडे ते आहे. घरी येऊन त्यांनी बायकोला चिठ्ठ्यांच्या घोटाळ्यापर्यंतच सांगितलं. दाजींचं नाव घेतलं नाही.

"उद्या काढून टाकतो ते इंजिन," ते म्हणाले. "मेस्त्रीकडेच पडून राहील."

"अजिबात काढायचं नाही," बायको म्हणाली.

"अगं, माझे हात थरथरतात!"

"हात कशाने थरथरतात? हँडल धरल्याने. मग धरू नका हँडल." तिने किल्ली त्यांच्या खिशातून काढून घेतली. "लग्नाआधी मी भावाची गाडी चालवायचे. इतकी वर्षं तुमच्या मागे बसून डुलक्या काढल्या. मंडई मागे गेली त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की आपण कुठेतरी निघालोय."

दुसऱ्या दिवसापासून ती गाडी चालवायला लागली. दातवाले मागे, डबा मांडीवर, हात डब्यावर. ती त्यांना दवाखान्यात सोडून पुढे आपल्या शिवणाच्या वर्गाला जाई. उतरल्यावर दातवाल्यांचे पाय जरा लटपटत, पण दात पायांनी बसवायचे नसतात. त्यांनी हेडमास्तरांची कवळी पुन्हा केली. हेडमास्तर खुर्चीत बसून "सुरेश, सरला, सदाशिव, सासूबाई" असं सगळं म्हणून गेले आणि एकही शिट्टी वाजली नाही. डॉक्टरांनी नव्या कारागिराला येऊ नका म्हणून कळवलं.

"काय होतं शेवटी?" डॉक्टरांनी विचारलं.

"सीसी," दातवाले म्हणाले. डॉक्टरांनी गंभीरपणे मान हलवली. दातांखेरीज इतर आजारांची त्यांना फारशी माहिती नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी चौघं मिळून एका नातेवाइकांकडे निघाले. पुढे दाजी आणि ताई, मागे दातवाल्यांची बायको आणि दातवाले. चौकात लाल दिवा लागला तशा दोन्ही निळ्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. दाजींनी मूठ पिळून आवाज केला आणि छाती पुढे काढली.

"सांभाळून या हं मागून!" ते ओरडले. "दीडशे आहे!"

हिरवा दिवा लागला. दाजींची गाडी कण्हत, कुथत पुढे सरकली. ताईने मागे वळून मोठ्या अभिमानाने हात हलवला. दातवाल्यांनी डबा नसतानाही सवयीने मांडीवर हात घट्ट दाबून धरले. पण गाडी जागची हललीच नाही. मागचा मोटारवाला हॉर्न वाजवायला लागला.

"अगं, हिरवा लागला."

"दिसतोय मला."

"मग चल ना!"

"जाऊ दे त्यांना जरा पुढे," बायको म्हणाली. "नाहीतर दोन सेकंदांत मागे टाकीन आणि त्यांचा चेहरा पडेल."

दातवाले चपापले. "तुला... दाजींनी सांगितलं?"

"ताईने सांगितलं. पहिल्या दिवशीच. म्हणाली, 'आमची गाडी होती तशीच आहे गं, पण तू बोलू नकोस कुणाला. मी आपली घाबरल्यासारखं घट्ट धरून बसते. इतके खूश आहेत बिचारे.' मग मंडई मागे राहिली तेव्हा कळलं, ते मोठं इंजिन कुठे गेलं."

"म्हणजे तुला मेस्त्रीच्या आधीच माहीत होतं? मी चहा सोडून बसलो होतो तेव्हाही?"

बायकोने आरशात त्यांच्याकडे पाहिलं. मागे आता तीन मोटारी हॉर्न वाजवत होत्या.

"सांगितलं असतं, तर तुम्ही लगेच काढून टाकलं असतं ना," ती म्हणाली आणि सावकाश गिअर टाकला. "बसा नीट."